कतारगामचे लग्न, गोव्याचा किनारा : रिसॉर्ट ठरवण्यापूर्वी काय पाहावे?

तुळशीचे लग्न आटोपले की गोव्याच्या किनारी भागातील हॉटेलांच्या हिरवळींवर मांडव उभे राहू लागतात. यजमान बहुधा परराज्यातील असतात. वऱ्हाड दोन-तीन दिवस राहते, वाजतगाजत लग्न लागते आणि मंडळी परतीच्या विमानात बसतात. अशा लग्नांची नेमकी निवड कशी होते आणि ती कुठे चुकू शकते, हे समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, यजमान सुरतच्या कतारगाम भागातील आहेत.

कतारगाम हा सुरतेचा जुना भाग. कंटारेश्वर महादेवाचे देवस्थान आणि उंधियूत पडणारी पापडी यांसाठी तो पूर्वापार ओळखला जातो. गेल्या काही दशकांत येथे हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने वाढले आणि सौराष्ट्रातील भावनगर, अमरेली या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे स्थिरावली. या कुटुंबांचा गोतावळा मोठा. काही नातेवाईक सुरतेत, काही सौराष्ट्रातील मूळ गावी, काही मुंबईत, तर काही अमेरिकेत. अशा घरातील लग्नाला तीनशे माणसे म्हणजे ‘मोजकीच माणसे’ होत. त्यांना घरापासून साडेआठशे किलोमीटरवर नेऊन लग्न लावायचे, तर आयुष्यभराच्या कमाईचा मोठा हिस्सा आणि घराण्याची अब्रू दोन्ही पणाला लागतात. निवड मात्र पुष्कळदा मोबाइलवरील छायाचित्रे पाहून होते. निळे पाणी, पांढरा मांडव आणि मावळता सूर्य ही तिन्ही छायाचित्रे खरी असतात. पण लग्न सुरळीत पार पडणे ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांतील एकही त्या छायाचित्रांत दिसत नाही.

कॅरिबियनमधून आलेली कल्पना

समुद्रकाठच्या एकाच हॉटेलात राहणे, जेवण, मनोरंजन आणि विवाहविधी अशा सर्व गोष्टी एका रकमेत उरकण्याची पद्धत कॅरिबियन बेटांवर विशेष रुजली. जमैकातील माँटेगो बे येथे १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘सँडल्स’ या हॉटेलसमूहाने ‘एकच रक्कम, त्यात सर्व काही’ हा प्रकार लोकप्रिय केला. आज अमेरिका व कॅनडातील भारतीय वंशाची अनेक कुटुंबे डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पुंता काना, जमैका किंवा मेक्सिकोचे कॅनकून येथे लग्ने लावतात. न्यू जर्सीतील चुलतभावाच्या अशा लग्नाची चित्रफीत कतारगामच्या घरात पोहोचली, की ‘आपणही असेच करू’ हा विषय निघतो.

अमेरिकेत राहणाऱ्यांना ही बेटे तीन-चार तासांच्या विमानप्रवासावर आहेत. सुरतकरांसाठी चित्र वेगळे आहे. भारतातून कॅरिबियनला थेट विमानसेवा नाही. बार्बाडोस, जमैका यांसारख्या देशांत भारतीय पारपत्रधारकांना अल्प मुक्कामासाठी आगाऊ व्हिसा लागत नसला, तरी वाटेत अमेरिकेत विमान बदलायचे तर अमेरिकेचा व्हिसा लागतोच. तीनशे पाहुण्यांपैकी वीस जणांना जरी तो नाकारला गेला आणि त्यांत मुलीचा मामा असला, तर ‘मामेरुं’ म्हणजे मामाकडचा आहेर घेऊन येणार कोण? शिवाय स्थानिक कायदे आहेतच. जमैकात परदेशी जोडप्याला बेटावर पोहोचून चोवीस तास झाल्याशिवाय विवाह करता येत नाही.

म्हणून हौस कॅरिबियनची असली, तरी बहुतेकांचा हिशेब अखेरीस गोवा, उदयपूर किंवा जयपूर यांच्यावर येऊन थांबतो. परदेशात होणारी लग्ने देशातच व्हावीत, असे आवाहन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी नोव्हेंबर २०२३ मधील ‘मन की बात’मध्ये केले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डेहराडून येथे त्यांनी ‘वेड इन इंडिया’ची हाक दिली. गोव्याच्या पर्यटनाला त्यातून संधी मिळाली आहे, तशी काही जबाबदारीही आली आहे.

आधी मुहूर्त, मग हॉटेल

निवडीची सुरुवात हॉटेलापासून न करता पंचांगापासून करावी. सूर्य धनू राशीत असतो तो काळ, म्हणजे साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी, गुजरातेत ‘कमुरता’ म्हणून ओळखला जातो आणि त्यात लग्ने लावत नाहीत. आपल्याकडे यालाच धनुर्मास म्हणतात. गोव्यातील हॉटेलांचे दर सर्वाधिक चढतात ते नेमके नाताळ आणि नववर्षाच्या याच दिवसांत. म्हणजे पंचांग पाळणारा यजमान वर्षातील सर्वांत महागडा पंधरवडा आपोआप टाळतो. त्याच्यासाठी तुळशीच्या लग्नापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे आणि मकरसंक्रांतीनंतरचे असे दोन कालखंड उरतात.

पहिल्या कालखंडात दोन तारखा ध्यानात ठेवाव्यात. पणजीत नोव्हेंबरच्या २० तारखेपासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि ३ डिसेंबरला जुने गोवे येथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त असते. या दिवसांत पणजी आणि आसपासच्या खोल्या व रस्ते दोन्ही भरलेले असतात. दुसऱ्या कालखंडात कार्निव्हल आणि शिगमो येतात. मिरवणुकीच्या दिवशी पणजी किंवा मडगावातून वऱ्हाडाच्या बसगाड्या न्यायच्या असतील, तर दोन तास हाताशी ठेवावे लागतात. हिऱ्याच्या कारखान्यांना दिवाळीची सुटी लांबलचक असते आणि तेव्हा कतारगाममधील बरीच कुटुंबे सौराष्ट्रातील गावी जातात. पाहुणे कुठून निघणार, हेही म्हणून तारखेवर ठरते.

तीनशे माणसे, किती खोल्या?

दुसरा प्रश्न खोल्यांचा. तीनशे पाहुण्यांना, एका खोलीत दोघे धरले, तर दीडशे खोल्या लागतात. इतक्या खोल्या एकाच आवारात देणारी हॉटेले गोव्यात मोजकी आहेत आणि त्यांतील बरीच सासष्टी व मुरगावच्या किनारपट्टीवर, आरोशी, उतोर्डा, बाणावली, वार्का, केळशी, मोबोर या भागांत आहेत. आरोशीचे आयटीसी ग्रँड, बाणावलीचे ताज एक्झॉटिका, मोबोरचे पूर्वीचे लीला व आताचे सेंट रेजिस ही नावे लग्नांच्या संदर्भात वारंवार ऐकू येतात ती प्रशस्त हिरवळींमुळे. बार्देश आणि पेडणे तालुक्यांत लहान, आकर्षक हॉटेले बरीच आहेत, पण तेथे वऱ्हाड दोन-तीन ठिकाणी विभागावे लागते. तसे झाले की आजी एका हॉटेलात, मांडव दुसऱ्यात आणि दिवसभर गाड्यांच्या फेऱ्या, असा प्रकार होतो.

विमानतळाचाही विचार येथेच करावा. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाल्यावर राज्यात दोन विमानतळ झाले. मोरजी-मांद्रे भागातील हॉटेलांना मोपा जवळ, तर सासष्टीतील हॉटेलांना दाबोळी. मोपावर उतरून मोबोरला जायचे म्हणजे राज्याचे एक टोक गाठून दुसऱ्या टोकाकडे निघणे. त्यात दोन तासांहून अधिक वेळ जातो. तिकिटाचे पैसे वाचले म्हणून सर्वांना मोपावर उतरवायचे आणि मग बसगाड्यांवर तेवढेच खर्च करायचे, यात हशील नाही. रेल्वेने येणाऱ्यांसाठी ओखा-एर्नाकुलम आणि अजमेर-एर्नाकुलम ‘मरुसागर’ या गाड्या सुरतहून मडगावला येतात. ओखा गाडी राजकोटवरून येत असल्याने सौराष्ट्रातील पाहुण्यांनाही ती सोयीची पडते. मात्र या गाड्या रोज धावत नाहीत, तेव्हा मुहूर्त आणि गाडीचा वार जुळतो का, हे आधी पाहावे.

खोलीच्या दरात लपलेला आणखी एक हिशेब वस्तू व सेवा कराचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, तर त्याहून अधिक दराच्या खोलीवर १८ टक्के कर आहे. ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते आणि ८,००० रुपयांची ९,४४० रुपयांना. दर पाचशेने वाढला, पण यजमानाच्या खिशातून १,५६५ रुपये अधिक गेले. दीडशे खोल्या आणि दोन रात्री धरल्या, तर हा फरक ४ लाख ६९ हजार ५०० रुपये होतो. खोली, जेवण आणि सभागृह यांची एकत्रित रक्कम सांगितली जाते तेव्हा प्रत्येक बाबीवरील कर वेगळा लिहून मागावा.

रात्री दहाची रेषा

गुजराती लग्नात गरबा आणि दांडिया-रास टाळता येत नाहीत आणि ते रंगात येतात रात्री दहानंतर. गोव्यात लग्न करणाऱ्यांची सर्वाधिक निराशा होते ती येथेच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात ही बंदी अधिक ठाम केली. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, पण वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस. खासगी लग्नाच्या तारखेला ही सूट लागू होईल, असे गृहीत धरता येत नाही. दिवसाही मर्यादा आहेच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, वाणिज्य भागात अनुक्रमे ६५ आणि ५५.

‘आमच्याकडे सगळे चालते’ असे कुणी तोंडी सांगितले, तर त्यावर विसंबू नये. किनारी गावांतील रहिवाशांनी ध्वनिप्रदूषणाविरुद्ध वारंवार तक्रारी केल्या आहेत, हा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला आहे. रात्री साडेदहाला पोलीस आले आणि भर गरब्यात संगीत बंद झाले, तर तीनशे पाहुण्यांसमोर खाली मान घालावी लागते ती यजमानाला. हॉटेलच्या भिंतीपलीकडेही कुणाचे घर असते, तेथे एखादा आजारी वृद्ध असतो, परीक्षेचा अभ्यास करणारी मुले असतात. त्यांची झोप हा या नियमाचा मूळ हेतू आहे.

मार्ग आहेत. नियमाने बंदिस्त सभागृहाला, आवाज आतच राहील अशा बेताने, मुभा दिली आहे. म्हणून हिरवळ पाहण्याआधी सभागृह पाहावे. तीनशे माणसे गोल धरून गरबा खेळू शकतील एवढे ते मोठे आहे का आणि दारे बंद केल्यावर आवाज बाहेर किती येतो, याची खात्री करावी. दुसरा मार्ग म्हणजे गरबा संध्याकाळी सहाला सुरू करून दहाच्या आत आटोपणे. हिवाळ्यात गोव्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे हा बेत शोभूनही दिसतो. काणकोणातील पाळोळे येथे ध्वनिक्षेपकाऐवजी कानाला हेडफोन लावून नाचण्याची प्रथा पडली आहे. तरुण मंडळींना ती चालते, पण टाळ्यांचा गरबा खेळणाऱ्या काकू-मावश्यांना रुचेलच असे नाही.

किनारा हॉटेलचा नव्हे

‘आमचा खासगी किनारा’ हे शब्द जाहिरातीत दिसले, तरी गोव्यातील किनारा कोणत्याही हॉटेलच्या मालकीचा नाही. वाळूवर मांडव घालायचा तर पर्यटन खात्याची परवानगी लागते. शिवाय तेथे उभारण्याची तात्पुरती बांधकामे किनारी विभाग नियमन अधिसूचनेच्या कक्षेत येतात आणि त्यांचा विचार गोवा किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरण करते. परवानगी मिळाली, तरी मच्छीमार आणि अन्य लोकांना किनाऱ्यावरून जाण्या-येण्याचा हक्क कायम राहतो. सप्तपदी सुरू असताना मागून कुणी चालत गेले, तर त्याला अडवता येणार नाही.

मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे २०११ च्या अधिसूचनेत कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे म्हणून संरक्षित आहेत. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या येथे येतात त्या हिवाळ्यात, म्हणजे लग्नांच्याच हंगामात. प्रखर दिव्यांमुळे पिल्ले समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात आणि मरतात. या किनाऱ्यांलगत लग्न करायचे असेल, तर फटाके आणि झगमगाट यांचा विचार सोडून द्यावा. ते मान्य नसेल, तर दुसरा किनारा निवडावा.

स्वयंपाकघर आणि मद्य

कतारगाममधील अनेक घरांत कांदा-लसूणही वर्ज्य असतो. हॉटेलच्या शाकाहारी पदार्थांची यादी लांबलचक असून भागत नाही, स्वयंपाकघर वेगळे आहे का, हा खरा प्रश्न असतो. भांडी, तेल आणि साठवण वेगळी नसेल, तर ज्येष्ठ मंडळी फलाहारावर राहतात आणि यजमानाचा जीव टांगणीला लागतो. अनेक कुटुंबे सुरतेहून आपले महाराज म्हणजे आचारी आणतात. बाहेरच्या आचाऱ्यांना काही हॉटेले मुळीच परवानगी देत नाहीत, तर काही वेगळे शुल्क घेतात. हे शुल्क प्रारंभीच्या दरपत्रकात बहुधा नसते. हिवाळ्यातील लग्नात कतारगामच्या पापडीचे उंधियू हवेच असेल, तर भाजी सुरतेहून कोण व कधी आणणार, तेही आधी ठरवावे.

मद्याचा विषय नाजूक आहे, पण टाळण्यासारखा नाही. गुजरातेत दारूबंदी आहे आणि गोव्यात नाही, त्यामुळे काही पाहुणे त्या अपेक्षेने येतात. परवाना नसलेल्या जागी मद्य द्यायचे असल्यास अबकारी खात्याचा प्रासंगिक परवाना घ्यावा लागतो. परतताना सामानात बाटली ठेवली, तर गुजरातच्या हद्दीत तो गुन्हा ठरतो. बसगाडी थांबवून झडती झाली, तर अख्खे वऱ्हाड खोळंबते. पाहुण्यांना निमंत्रणासोबतच हे सांगून ठेवलेले बरे.

सही कुठे करायची?

गोमंतकीयांना विवाहाची ‘सही’ काय असते, हे सांगायला नको. आधी निबंधकापुढे पहिली सही, हरकतींची मुदत संपल्यावर दुसरी सही, आणि धार्मिक विधी त्यापासून स्वतंत्र. पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यातून आलेली ही पद्धत १९६१ नंतरही कायम राहिली. परराज्यातील यजमानांना मात्र ती ठाऊक नसते. गोव्यात लग्न झाले म्हणजे गोव्यात प्रमाणपत्र मिळेल, असा त्यांचा समज असतो.

गुजरातचे अधिवासी असलेल्या हिंदू वधू-वरांना हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो आणि तो लागू असलेल्या प्रदेशाबाहेर त्यांनी लग्न केले, तरी तो त्यांच्यासोबत जातो. त्या कायद्यानुसार विधी महत्त्वाचे आहेत. विधी न करता केवळ प्रमाणपत्र मिळवल्याने विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा किनाऱ्यावरील सोहळ्यात सूर्यास्ताच्या छायाचित्रासाठी फेरे अर्ध्यावर उरकू नयेत. विधींची छायाचित्रे, निमंत्रणपत्रिका आणि पुरोहिताचे नाव-पत्ता जपून ठेवावेत.

नोंदणीसाठी एक मार्ग विशेष विवाह कायदा, १९५४ च्या कलम १५ चा आहे. आधी झालेला विवाह त्याखाली नोंदवता येतो. त्यासाठी दोघेही अर्जापूर्वी सलग किमान तीस दिवस संबंधित विवाह अधिकाऱ्याच्या जिल्ह्यात राहत असावे लागतात आणि हरकतींसाठी आणखी तीस दिवसांची मुदत असते. वर अमेरिकेत नोकरी करत असेल आणि लग्नानंतर दहा दिवसांत परतणार असेल, तर हा हिशेब जुळत नाही आणि पत्नीच्या व्हिसाचे काम लांबते. म्हणून हॉटेलची अनामत भरण्यापूर्वी सुरतेतील निबंधक कार्यालयात जाऊन आपल्या बाबतीत नोंदणी कुठे व कशी होईल, हे विचारून यावे.

पाऊस, वादळ आणि करारपत्र

कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मेलिसा’ वादळाने जमैकाला जबर तडाखा दिला. तेथील हॉटेलांच्या विवाह-करारांत म्हणून वादळाचे कलम नीट वाचावे लागते. गोव्यात जून ते सप्टेंबर पाऊस असतो, हे सर्वांना माहीत आहे. पण मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ आले, तेव्हा झाडे कोसळून अनेक भागांत वीज गेली होती. मे महिन्यात दर उतरतात ते उगाच नव्हे. उन्हाळ्यात किंवा पावसाच्या तोंडावर लग्न ठेवायचे असेल, तर हिरवळीसोबत तेवढ्याच क्षमतेचे सभागृह त्याच दिवसासाठी राखलेले असावे आणि ते वापरल्यास जादा पैसे पडतील का, हे लिहिलेले असावे.

करारात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात :

• राखलेल्या खोल्यांपैकी किती, आणि कोणत्या तारखेपर्यंत, दंडाविना परत करता येतील.
• तारीख पुढे ढकलल्यास अनामत तशीच चालेल की बुडेल.
• त्याच दिवशी त्याच आवारात दुसरे लग्न घेतले आहे का.
• कोणती परवानगी हॉटेल काढणार आणि कोणती यजमान.
• बाहेरचे आचारी, सजावटकार व वादक यांच्यासाठीचे शुल्क.
• वीज गेल्यास जनित्रावर काय काय चालेल.

आणि एक पाहणी स्वतः येऊन करावी. ती दुपारी न करता रात्री नऊ ते अकरा या वेळेत करावी, कारण लग्नाचा बराच भाग त्याच वेळेत घडतो. शेजारच्या आवाराचा आवाज किती येतो, किनाऱ्याकडच्या वाटेवर उजेड आहे का, चाकाची खुर्ची मांडवापर्यंत जाते का, हे सर्व तेव्हाच कळते.

गोव्याचा वाटा

अशा लग्नांतून टॅक्सीवाल्यांपासून फुलवाल्यांपर्यंत अनेकांना काम मिळते. पण मंडप, सजावट, स्वयंपाक आणि वादक सगळेच सुरतेहून किंवा मुंबईहून आले, तर गावाच्या वाट्याला वाहतूककोंडी आणि कचराच उरतो. परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसांचा समारंभ असल्यास स्थानिक स्वराज्य संस्थेला तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावे आणि कचरा वेगळा करावा, अशी अट घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी घातली. पंचायतीला ते पत्र आले, तर कचऱ्याची गाडी वेळेवर पाठवता येते.

यजमानाने काही कामे गावातल्यांना द्यावीत, हॉटेलने दहाची मर्यादा पहिल्याच भेटीत सांगावी आणि पंचायतीने नियम सर्वांना सारखा लावावा. एवढे झाले तर कतारगामची मुलगी सासरी जाताना गोव्याची चांगली आठवण घेऊन जाईल आणि त्या रात्री हॉटेलशेजारच्या घरातील माणसेही शांत झोपलेली असतील.